वॉल्टर लस्कमची न सापडणारी पेटी

सहलीला जायचं ठरलं आणि बर्नार्ड लस्कमने लगेच फाइल केली. निळी, दोन कड्यांची, पाठीवर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर 'माळ, रविवार'. शहाण्या माणसाने तिथेच ओळखायला हवं होतं. बोव्ही गावातून डार्टमूरच्या माळावर रोज शेकडो माणसं फाइलशिवाय जातात, खडकावर बसून चहा पितात आणि पायात दोन्ही बूट घालून घरी येतात.

पण बर्नार्ड गावच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होता. गावातली निम्मी माणसं त्याच्या हाताखालून गेलेली. दुकानात लोणी घेताना, दाताच्या डॉक्टरसमोर आ वासताना, सगळीकडे त्याला 'सर' म्हणणारं कुणीतरी असायचंच. अशा माणसाला माळावर वाट चुकून चालत नाही. इतरांची वाट चुकते तेव्हा ती गंमत असते; भूगोलाच्या मास्तराची चुकली की ती बातमी होते.

सहल होती त्याच्या वडिलांसाठी. वॉल्टर लस्कम, वय त्र्याऐंशी, गुडघे नावालाच उरलेले. गुरुवारी ते कायमचे मुलीकडे नॉर्विचला राहायला निघाले होते. तिकडचा मुलूख सगळा सपाट. चढ म्हणाल तर बसची पायरी. म्हातारबुवांनी काही तक्रार केली नाही, एकच गोष्ट मागितली.

"जायच्या आधी माझी पेटी एकदा बघायचीय," ते म्हणाले. "बाकी काही नको."

माळावर पेट्या लपवायचा नाद त्या भागात फार जुना. दगडाखाली, कपारीत पत्र्याचा डबा लपवायचा, आत एक रबरी शिक्का आणि एक वही ठेवायची. शोधणाऱ्याने डब्यातल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा, आपल्या शिक्क्याचा तिथल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसा लपवून मुकाट्याने निघून जायचं. अशा पेट्या शेकड्याने आहेत आणि त्या माणसांना सापडतात, कारण लपवणारा खूण लिहून देतो. वॉल्टर लस्कमने एक्क्याऐंशी साली लपवलेली पेटी मात्र आजवर कुणालाही सापडली नव्हती. चाळीस वर्षं दर शनिवारी गावच्या पबमध्ये वॉल्टर हे सांगत आणि त्यांचा शेजारी सिडनी ट्रेमलेट समोर बसून मान हलवत म्हणे, "मीसुद्धा हात टेकले बुवा." चार वर्षांपूर्वी सिडनी गेला. तेव्हापासून शनिवारी वॉल्टर पबमध्ये जाईनासे झाले. पण पेटी सापडलेली नाही, हा अभिमान तसाच होता. त्यांच्याजवळ दुसरं होतं काय म्हणा.

पेटीची खूण हॉकर टॉर नावाच्या खडकाळ टेकडीवरून मोजायची, ती अशी: 'हॉकर टॉरच्या माथ्यावरून होकायंत्रात एकशे त्रेचाळीस अंश, तीनशे दहा पावलं.'

बर्नार्डला हर्ष झाला. चाळीस वर्षांत चुंबकीय उत्तर दिशा सरकते, ही गोष्ट पबमधल्या मंडळींना कुठून माहीत असणार? म्हणूनच तर सापडली नाही. त्याने तीन संध्याकाळी खर्चून सात अंशांची दुरुस्ती काढली, वडिलांना अंगणात चालायला लावून त्यांचं पाऊल मोजलं, त्यात गुडघ्यांपायी झालेली घट धरली, आणि या सगळ्याचं फाइलमध्ये पान पाच ते पान आठ असं एक प्रकरणच केलं.

"बाबा, नेमकी जागा तुम्ही सरळ सांगूनच का टाकत नाही?" बर्नार्डची बायको ग्वेन म्हणाली.

"खूण दिली की," वॉल्टर म्हणाले. "लपवणाऱ्याने खूण द्यायची. जागा दाखवायची नाही. पोटच्या पोरालासुद्धा नाही."

"पण आपण सगळे एकत्रच चाललोय ना."

"तू पलीकडची आहेस, तुला नाही कळायचं."

पलीकडची म्हणजे टेमर नदीच्या पलीकडची, कॉर्नवॉलची. ग्वेनला सून होऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण ती चहाबरोबरच्या गोडसर पावावर, स्कोनवर, आधी जॅम लावते आणि मग साय, हे वॉल्टरनी अजून पोटात घातलं नव्हतं. इकडे डेव्हनमध्ये आधी साय. यावरून त्या घरात मुलीच्या बारशालाही अबोला झाला होता.

गुडघ्यांवर उपाय कॉलिनने सुचवला. कॉलिन म्हणजे दिवंगत सिडनीचा मुलगा, बर्नार्डचा शेजारी. या गृहस्थाला कुंपणावर कोपरं टेकवून सल्ला देण्यापलीकडे काम नसावं, असं बर्नार्डचं जुनं मत होतं.

"माळावर चालणारी बॅटरीची चारचाकी मिळते," कॉलिन म्हणाला. "एक सेवाभावी मंडळ आहे, ते फुकट देतात. आणि हे बघ, टॉरवर चढूच नकोस. ओढ्याच्या उतारापाशी गाडी लाव आणि डाव्या हाताचा जुना दगडी गडगा धरून जा. काटेरी झाडापर्यंत सपाट आहे."

"पेटी टॉरच्या आग्नेयेला आहे," बर्नार्ड शाळेतल्या आवाजात म्हणाला. "गडगा पश्चिमेला आहे."

"पेटीचं मला काय ठाऊक. ती कुणाला सापडलीय? मी आपलं म्हटलं, गडग्याकडून चालायला बरं पडतं."

"आभारी आहे," असं बर्नार्ड ज्या सुरात म्हणाला त्या सुरात इतर लोक 'चालता हो' म्हणतात. मग दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने वडिलांना घेऊन सेवाभावी मंडळाच्या कचेरीत गेला.

कचेरीत मिस प्राउस नावाच्या बाई होत्या आणि त्यांच्यापुढे चार पानी अर्ज होता. अर्जदाराचं वजन, अर्जदाराला चक्कर येते का, मेंढ्यांविषयी भीती आहे का. रकाना नववा: कुठे जाणार, ते नकाशावरच्या आकड्यांत लिहा. बर्नार्डने पेन उचललं. वॉल्टरनी रकान्यावर पंजा ठेवला.

"लिहायचं नाही," ते म्हणाले.

"बाबा, हा फक्त अर्ज आहे."

"अर्ज चारचौघांच्या हातात जातो."

मिस प्राउसनी चष्मा वर केला. "पेटीचं काम आहे का?"

"आहे," वॉल्टर म्हणाले.

"मग लिहू नका, बरोबरच आहे. माझ्या स्वतःच्या सहा आहेत." त्यांनी अर्ज जवळ ओढला. "पण रकाना कोरा ठेवला तर तो वरच्यांकडून परत येतो. काहीतरी लिहावं लागेल."

पाऊण तास खल झाला. 'माळ' लिहिलं तर फार मोघम, 'हॉकर टॉर' लिहिलं तर फार उघड. शेवटी मिस प्राउसनी सुबक अक्षरात 'तिकडे' असं लिहिलं, खाली सही केली आणि अर्ज मंजूर झाला. बर्नार्ड नऊ महिने स्वतःच्या परसातल्या छपरासाठी परवानगी मागत होता, त्याला हे फार लागलं.

रविवारी आकाश निरभ्र होतं. बर्नार्ड, ग्वेन, एकोणीस वर्षांची टॅम्सिन, चारचाकीवर वॉल्टर, आणि फाइल असे सारे हॉकर टॉरच्या पायथ्याशी उतरले. चारचाकीला वेगाचं बटण होतं. त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. मिस प्राउसनी कासवावरच ठेवायला बजावलं होतं. वॉल्टरनी सीटबेल्ट लावला, कासवाकडे तुच्छतेने पाहिलं आणि बटण सशावर नेलं. पुढची वीस मिनिटं कुटुंबाने त्यांची फक्त टोपी पाहिली.

"आजोबा मजेत आहेत," टॅम्सिन धापा टाकत म्हणाली.

"पान तीनवर सरासरी वेग ताशी अडीच मैल धरलाय," बर्नार्ड म्हणाला. "सगळं गणित बिघडणार."

टॉरवर पोचून त्याने होकायंत्र काढलं, डोळा बारीक केला, सात अंशांची दुरुस्ती लावली आणि हात लांब करून दिशा दाखवली. त्या क्षणी तो खरोखर छान दिसत होता. ग्वेनने फोटो काढला आणि तो काढला हे बरंच झालं, कारण दिवसभरात पुन्हा काही तो तसा दिसला नाही.

तीनशे दहा पावलांवर काहीही नव्हतं. गवत होतं. बर्नार्डने गुडघ्यांची घट वजा केली, तिथेही गवतच. मग जेवायला बसावं असं ठरलं, आणि तेवढ्यात तट्टं आली.

माळावरची तट्टं दिसायला गरीब असतात. त्यांना काही खायला घालू नये अशी पाटी जागोजाग आहे, दंडही आहे. पण त्यांनी आपण होऊन घेतलं तर काय, यावर पाटी गप्प आहे. एका पोट सुटलेल्या तट्टाने ग्वेनच्या दोन पॅस्ट्या उचलल्या. मटण-बटाट्याचं सारण त्याला आवडलं नसावं. तोंडाची चव बदलायला म्हणून त्याने फाइलची पानं पाच ते आठ खाल्ली.

"सोड," बर्नार्ड तट्टाला म्हणाला. "हे बघ, हे खाणं नाही. मी तुला खायला घालत नाहीये, हे सगळ्यांनी लक्षात घ्या."

"कुणी बघत नाहीये रे," ग्वेन म्हणाली.

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

तट्टाने चुंबकीय उत्तर दिशा शांतपणे चावून गिळली आणि ते निघून गेलं. वॉल्टर इतके हसले की टॅम्सिनला त्यांची पाठ चोळावी लागली.

आणि मग धुकं आलं. डार्टमूरचं धुकं हळूहळू येत नाही. डबा उघडताना समोर टॉर असतो, झाकण लावताना नसतो. बर्नार्डने सर्वांना एका ओळीत उभं केलं, घाबरायचं कारण नाही असं चार वेळा सांगितलं आणि पुढे निघाला. दहा मिनिटांनी एक काळ्या तोंडाची मेंढी दिसली. वीस मिनिटांनी पुन्हा एक काळ्या तोंडाची मेंढी दिसली.

"डॅड, ही तीच आहे," टॅम्सिन म्हणाली.

"या जातीच्या सगळ्यांची तोंडं काळीच असतात."

"हिच्या कानाला निळा रंग आहे. तिच्याही होता."

तिसऱ्यांदा भेटल्यावर मेंढीच उठून बाजूला झाली. चौथ्या वेळी ती टाळण्यासाठी बर्नार्ड मुद्दाम डावीकडे वळला आणि मांडीपर्यंत दलदलीत गेला. दोघींनी ओढून त्याला बाहेर काढलं. उजवा बूट मात्र माळाने ठेवून घेतला.

तो एका पायावर उभा राहून मोजा पिळत असताना धुक्यातून माणसांचा एक जथा आला. पुढे चालणारी बाई थबकली.

"लस्कम सर?" ती म्हणाली. "मी नव्याण्णवची बॅच. नद्यांचा धडा तुम्हीच शिकवलात. वाट चुकलीत का?"

बर्नार्डने मोजा पाठीमागे लपवला. "नाही नाही. निरीक्षण चाललंय. दलदलीचं."

"एका बुटाने?"

"तुलनेसाठी."

बाई आदराने मान लववून गेली. धुकं तिच्या मागे मिटलं आणि तिच्याबरोबर वाट दाखवणारं शेवटचं माणूसही गेलं. ग्वेन नवऱ्याकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण त्या ओल्या मोज्याकडे बघून तिला त्याची कणवच आली.

"बर्नार्ड," ती मऊ आवाजात म्हणाली, "कोट उलटा कर."

आता हे कोट उलटा करण्याचं प्रकरण तिकडे सर्वांना ठाऊक आहे. माळावर छोटी माणसं राहतात, ती वाटसरूला चकवतात, आणि कोट उलटा करून घातला की चकवा सुटतो. शिकलेली माणसं यावर हसतात आणि कोट मात्र असा निवडतात की आतली बाजू अगदीच वाईट दिसू नये. बर्नार्डने तीस वर्षं वर्गात या समजुतीची टर उडवली होती.

"मी करणार नाही."

"तीन वाजलेत. पाचला चारचाकी परत द्यायचीय. गुरुवारी बाबा चाललेत."

बर्नार्डने वडिलांकडे पाहिलं. वॉल्टर आता हसत नव्हते. टोपीवर दवाचे थेंब, हात मांडीवर, नजर धुक्यात. पेटी न बघताच हा माणूस नॉर्विचला गेला तर ते आपल्या होकायंत्रामुळे असेल, हे बर्नार्डच्या एकदम ध्यानात आलं. त्याने कोट काढला आणि उलटा करून घातला. आत गुलाबी सॅटिनचं अस्तर होतं. सेलमध्ये घेताना तो म्हणाला होता, आतलं कोण बघतंय.

"झालं?" तो म्हणाला. "चुकलो. मला वाट सापडत नाही."

वॉल्टरनी सुस्कारा सोडला. "कधीचा वाट बघतोय," ते म्हणाले. "कोट उलटा केला म्हणजे हरला. हरलेल्याला सांगायला हरकत नसते. चला, ओढ्याच्या उतारापाशी. डाव्या हाताचा गडगा धरायचा, काटेरी झाडापर्यंत."

बर्नार्डने हातातल्या होकायंत्राकडे बघितलं.

"गडगा तर पश्चिमेला आहे," बर्नार्ड म्हणाला.

"आहेच."

"आणि एकशे त्रेचाळीस अंश?"

"ते सिडनीला चुकवायला. खूण द्यायची असा नियम आहे, खरी द्यायची असा कुठे आहे?"

म्हणजे बर्नार्डने एका थापेत सात अंशांची अचूक दुरुस्ती केली होती. तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. एक बूट, गुलाबी अस्तर आणि धुक्यात खिंकाळणारा भूगोलाचा मास्तर. टॅम्सिनही हसली, ग्वेनही. वॉल्टरनी बटण पुन्हा सशावर नेलं आणि ओढ्याच्या आवाजाच्या रोखाने ते पुढे झाले.

गडग्याकडची वाट अगदी सपाट होती. बर्नार्डच्या मनात कुठेतरी कॉलिनचा आवाज येऊन गेला, पण ओल्या मोज्यात खडा टोचत होता म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. काटेरी झाडाखाली दोन धोंडे होते. तो पालथा पडला, खांद्यापर्यंत हात घातला आणि डबा बाहेर काढला. चाळीस वर्षांचा डबा गंजून चाळण झालेला असायला हवा होता. हा कोरडा होता, तेल लावलेला. आत वही, नवी निळी शाई, आणि वॉल्टरनी बुटाच्या टाचेतून कोरलेला शिक्का: ससा. रबर संपल्यामुळे तीनच पायांचा.

बर्नार्डने वही उघडली आणि चटकन मिटली.

पानापानावर कोंबडा होता. सिडनी ट्रेमलेटचा शिक्का, सगळ्या गावाने ओळखलेला. त्र्याऐंशी साल, कोंबडा. चौऱ्याऐंशी, कोंबडा. दर वर्षी एक, खाली तारीख. जी पेटी कुणाला सापडलेली नाही, ती सिडनी दर वर्षी येऊन पुसून ठेवत होता.

"बाबा, वही भिजलीय," बर्नार्ड म्हणाला. त्याला आयुष्यात कधी नीट खोटं बोलता आलं नव्हतं. "वाचण्यासारखं काही नाही. आपण नुसता ठसा घेऊ."

"दे इकडे."

"पानं चिकटलीत."

"बर्नार्ड. कोंबडा मला माहीत आहे."

वॉल्टरनी वही मांडीवर घेतली आणि पानं उलटू लागले. "गुडघे होते तोवर मीही दर वर्षी येत होतो. त्र्याऐंशीला पहिला कोंबडा बघितला. म्हटलं, आता शनिवारी हा सगळ्यांसमोर तोंड उघडणार. शनिवारी मी म्हणालो, पेटी कुणाला सापडलेली नाही. तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, मीसुद्धा हात टेकले बुवा." म्हाताऱ्याने डोळे पुसले, उघड उघड. "तो सापडली म्हणाला असता तर पुढल्या शनिवारी आम्ही बोललो काय असतो?"

शेवटच्या कोंबड्यानंतर एक कोरी ओळ होती. आणि तिच्याखाली चार ठसे, चार वर्षांचे. चहाची किटली.

"हा कुणाचा?" ग्वेनने विचारलं.

किटली कुणाची ते बर्नार्डला ठाऊक होतं. नाताळाच्या भेटकार्डावर दर वर्षी ती यायची. कुंपणापलीकडून.

वॉल्टर किटलीवरून बोट फिरवत राहिले. "पोराने चालू ठेवलंय," ते म्हणाले.

ग्वेनने जेवणाचा डबा उघडून एक स्कोन काढला, सवयीने आधी जॅम लावला, वर साय, आणि सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बघितला आणि खाल्ला. "बरा लागतो," ते म्हणाले. "बाहेर बोलू नका." बर्नार्डकडे स्वतःचा शिक्का नव्हता. त्याने शाईत अंगठा बुडवला आणि किटलीच्या खाली उमटवला. मग डबा होता तसा, होता तिथे ठेवला.

चारचाकी परत देऊन ते सहाला घरी पोचले तेव्हा कॉलिन कुंपणाची झुडपं कापत होता. त्याने चौघांकडे बघितलं. बर्नार्डचा एक बूट, गुलाबी अस्तर, आणि कोपरापर्यंत चिखल माखलेल्या हाताचा निळा अंगठा, सगळं त्याच्या नजरेत भरलं.

"मग?" त्याने कातर खाली ठेवत विचारलं. "सापडली का?"

टॅम्सिनने तोंड उघडलं, ग्वेनने तिचा हात दाबला. वॉल्टर मुलाकडे बघत राहिले. समोरच्या फुटपाथवरून दोन जुने विद्यार्थी कुत्रं फिरवत चालले होते आणि त्यांचे कान इकडेच होते. इथलं बोलणं उद्या दहाच्या आत दुकानात, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे जाणार होतं.

"नाही रे," बर्नार्ड त्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाला. "वाट चुकलो. दीड तास एकाच मेंढीभोवती फिरत होतो. मीसुद्धा हात टेकले बुवा."

कॉलिनने कातर उचलली आणि एक फांदी फार काळजीपूर्वक कापली.

"ती कुणालाच सापडायची नाही," तो म्हणाला. "वॉल्टरकाका, काय लपवलीय तुम्ही."

"मग, सांगतोय काय," वॉल्टर म्हणाले आणि कुंपणावरून हात पुढे केला. दोघांनी हात मिळवले ते बराच वेळ सोडले नाहीत.

"पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन बघ," कॉलिन बर्नार्डला म्हणाला. "गडग्याकडून जा. चालायला बरं पडतं."

"गडग्याकडून?" बर्नार्ड म्हणाला. "छे. तिकडे काय असणार."